चाकामागचा कॅमेरा

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालतो, कारण तू काहीच कळवलेलं नाहीस. इकडे आईचा गुडघा दुखतो, तो दुखणारच. तुझ्या वहिनीने मागची खोली रंगवायला काढलीय, त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नाही. गॅरेज चालू आहे. झाली खुशाली.

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही कॅमेऱ्यासाठी. मोजून चार ओळी. रेसिंग क्लबने ट्रायलला बोलावलंय, गाडीत कॅमेरा सक्तीचा केलाय, कुठे लावू ते कळव. आई कशी आहे, वहिनी कशी आहे, काही नाही. मागे काही लिहिलं असेल म्हणून मी कागद दोनदा उलटून बघितला. आईने विचारलं, काय म्हणतो? म्हटलं, सगळ्यांना नमस्कार लिहिलाय. तुझ्या बाबतीत खोटं बोलायची मला सवय आहे.

फोन केला की तू 'हं' आणि 'बरं' यापुढे जात नाहीस, म्हणून मीही पत्रच लिहितोय. पत्रात निदान मधेच फोन ठेवता येत नाही.

आता कामाचं. शर्यतीचं लायसन्स रद्द करताना क्लबने तुझ्या नावापुढे 'जाणूनबुजून धडक' असा शेरा मारलाय. सेक्रेटरीला भेटून मी विचारलं. तो म्हणाला, ट्रायलच्या दहा फेऱ्यांचा व्हिडिओ समिती बसून बघणार. हात, पाय आणि डोकं तिन्ही ठिकाणावर दिसलं तर लायसन्स परत, नाहीतर कायमचं विसरायचं. म्हणजे कॅमेरा कुठे लावतोस यावर सगळं आहे. तेव्हा नीट वाच. अर्धं वाचून 'कळलं, कळलं' करायची तुझी खोड इथे चालायची नाही.

मुख्य कॅमेरा आत लाव. सीटच्या मागे, गाडी उलटली तर वाचवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याचा जो आडवा पाइप आहे ना, त्याच्यावर, दोन सीटच्या मध्ये, तुझ्या कानाच्या उंचीला. चित्राच्या खालच्या अर्ध्यात स्टेअरिंग आणि दोन्ही हात आले पाहिजेत, वरच्या अर्ध्यात समोरची काच आणि रस्ता. हेल्मेटपासून वीतभर लांब ठेव, गाडी आपटली की डोकं कुठे जाईल सांगता येत नाही. काचेला चिकटवायचा रबरी वाटीचा स्टँड घेऊ नकोस. काच तापली की तो सुटतो आणि कॅमेरा थेट तुझ्या पायात येतो. लोखंडी क्लॅम्प घे, आणि त्यालाही बारीक तारेने पिंजऱ्याला बांधून ठेव. बसवून झाला की मूठ वळून गाडीच्या टपावर दोन गुद्दे मार. चित्र हललं तर क्लॅम्प ढिला आहे.

दुसरा छोटा कॅमेरा पायांसाठी. डॅशबोर्डच्या पोटाला, तुझ्या पायांच्या डाव्या बाजूला, पेडलकडे तोंड करून. तिथे अंधार असतो, म्हणून एक छोटा दिवा लाव. पांढऱ्या तळव्याचे बूट घाल, पाय उठून दिसतात.

बाहेर लावू नकोस. बाहेरचा कॅमेरा बघणाऱ्यांसाठी असतो. जमिनीलगत लावला की साठचा वेग दीडशेसारखा वाटतो, लोक तोंडात बोटं घालतात, आणि चालवणाऱ्याला त्यातून काडीचं कळत नाही. हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. मी तेव्हा ऐकलं नाही, ते जाऊ दे.

आणि बॅटरीवरचाच कॅमेरा घे. वायरीचा अजिबात नको. का ते विचारू नकोस, नको म्हटलं की नको.

गाडी कोणाची घेतोयस ते लिहिलं नाहीस. आपली डबडी तर मी तेव्हाच भंगारात दिली.

वहिनी म्हणते, एवढं लांबलचक लिहिताय तर जे लिहायचंय तेही लिहा. तिला काय, ती रंगाच्या वासाने वैतागलीय.

दादाचे आशीर्वाद


ता. २३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी दोन पानं आहेत म्हणून मी खूश झालो होतो. वाचल्यावर वाटलं, चार ओळीच बऱ्या होत्या.

आधी सोपं ते. गोडाउनमधल्या मित्राची गाडी चालेल, पण चालवायच्या आधी नीट तपासून घे. माझ्याकडून नाही. तिथल्याच कोणाकडून तरी.

आता दुसरं. तू विचारतोस, पायांचा कॅमेरा गाळता येईल का, नाहीतर असा लावता येईल का की पाय अर्धेच दिसतील. कारण म्हणे त्या दिवशी तुझा पाय थिजला होता, आणि पुन्हा थिजला तर ते कायमचं चित्रात राहील. तू लिहिलंयस, 'पेडल नुसतंच आत गेलं, ब्रेक लागलाच नाही, असं मला तेव्हा वाटलं. पण दादा, ब्रेक तू स्वतः तपासले होतेस, म्हणजे ते चांगलेच असणार. मग उरला माझा पाय. मी तो दाबलाच नसेल. किंवा आदल्या दिवशीचा राग मनात असेल, त्याने दाबू दिला नसेल. माणसाला आपलं सगळंच कुठे माहीत असतं?'

हे वाचून मला तुझा इतका राग आला की मी पत्र चुरगाळून कचऱ्याच्या ड्रमात टाकलं, मग परत काढलं. राग तुझाच आला असं मी दिवसभर समजत होतो.

तू बसने कामावर जातोस, हेही मला या पत्रातून कळलं. ज्याला चालायच्या आधी गाडीचे गियर पाठ होते, तो माणूस तीन वर्षं बसमध्ये दांडा धरून उभा राहतो. आणि सुट्टीच्या दिवशी मित्राच्या बंद गाडीत बसून नुसता ब्रेक दाबून बघतो, पाय ऐकतो की नाही म्हणून. कशाला लिहिलंस हे मला?

ऐक. त्या दिवशी काय झालं ते तू तुझ्या बाजूने सांगतोस. मी होतो पिटच्या कठड्याशी, गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, घड्याळ घेऊन. अकरावी फेरी होती. तिसऱ्या वळणाला सगळे वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीशी वेग कमी करतात. शर्यतीतला तो दातांचा डॉक्टर तुझ्या पुढे होता, त्याने केला. तू केला नाहीस. तू सरळ गेलास आणि त्याच्या दारात घुसलास. त्याचं मनगट असं मोडलं की ते पुन्हा पुरतं वळलंच नाही. आदल्या दिवशी पिटमधल्या जागेवरून तुम्ही दोघं भांडला होतात, आणि वीस माणसांसमोर तू त्याला म्हणाला होतास, 'उद्या बघतोच तुला.' मग लोकांनी काय समजायचं?

समितीपुढे तू सांगितलंस, पेडल आत गेलं. सेक्रेटरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, 'ब्रेक मी स्वतः तपासले होते. पेडल आत गेलं असं धडकल्यावर सगळेच म्हणतात.' लोक हसले. तू हसला नाहीस. माझ्याकडे बघत राहिलास, आणि त्यानंतर समितीपुढे एक अक्षर बोलला नाहीस.

हे सगळं तुला माहीतच आहे. मी उगाच लिहितोय.

पायांचा कॅमेरा गाळू नकोस. कारण पुढच्या पत्रात लिहितो. दोनदा लिहायला बसलो, दोन्हीदा गिऱ्हाईक आलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आलं होतं, दुसऱ्यांदा कोणी आलं नव्हतं.

दादा


ता. ८ मार्च

बारक्या,

हे पत्र वाचायला बस. उभ्याने वाचू नकोस, आणि बसमध्ये तर मुळीच नको.

तुझा पाय थिजला नव्हता. ब्रेक फेल झाले होते. माझ्यामुळे झाले होते, आणि मला ते दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं.

आता सविस्तर सांगतो. तुला आठवत असेल, त्या शर्यतीच्या आधी कॅमेऱ्यावरून आपली जुंपली होती. तू म्हणत होतास, आत लाव, माझ्या खांद्यामागे. तिसऱ्या वळणाला माझे हात कुठे चुकतात ते मला बघायचंय. मी म्हणालो, 'तुझे हात बघायला गॅरेजमध्ये कोण येतंय?' मला गॅरेजच्या टीव्हीवर लावायला व्हिडिओ हवा होता. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना पुढचं चाक गरगर फिरताना दिसलं पाहिजे, खालून रस्ता पळताना दिसला पाहिजे, आणि त्यांनी म्हणायला पाहिजे की वा, ही गाडी यांनी तयार केली. यांनी म्हणजे मी. तू नाही.

म्हणून मी कॅमेरा पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, दाराच्या खालच्या पत्र्यावर बसवला. तुझ्या शिकण्याला तिथून शून्य उपयोग. त्याची बॅटरी तेव्हा अर्धा तासच टिकायची, म्हणून गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढली. ती वायर चाकाच्या वर लोंबायला लागली. शर्यतीआधीच्या तपासणीला दहा मिनिटं राहिली होती. बांधायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून प्लास्टिकच्या टायने, वायरी आवळायच्या पट्टीने, मी ती ब्रेकच्या होजला बांधली.

तू चालवणारा, तुला होज दिसत नाही, म्हणून सांगतो. तो म्हणजे ब्रेकचं ऑइल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी. चाक वळलं की त्यालाही वळावं लागतं, म्हणून तो मोकळा सोडतात. त्याला काहीही बांधायचं नसतं. पहिल्या दिवसाच्या मेकॅनिकलाही हे कळतं, आणि माझ्या गॅरेजवर तर अठरा वर्षं पाटी आहे, 'ब्रेकचे खात्रीचे काम'. त्या टायमुळे दर वळणाला होज टायरकडे ओढला जात होता आणि घासत होता. दहा फेऱ्या घासला, अकराव्या फेरीला फाटला. आपल्या जुन्या डबडीला ब्रेकची एकच लाइन, त्यामुळे चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले.

क्लबचा तपासनीस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. मी सकाळी सातला गाडी जॅकवर घेतली. होजला बोटभर चीर होती, आणि टाय जागच्या जागी. मी दोन मिनिटं तसाच बसलो असेन, जास्त नाही. मग टाय कापली, नवा होज घातला, ऑइल भरलं, लाइनमधली हवा काढली. दुपारी त्याने पेडल दाबून बघितलं, ते दगडासारखं कडक. 'ब्रेक उत्तम' असं लिहून तो चहा पिऊन गेला. माझं काम खात्रीचंच होतं, बघ.

आणि आता ऐक, कारण हे तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो व्हिडिओ मी शंभर वेळा बघितलाय. चाकामागून कॅमेऱ्याला रस्त्याच्या कडेच्या पाट्या दिसतात. शंभरची पाटी चाकाच्या बरोबरीला येते, आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या काचेवर एक थेंब उडतो. मग तीन-चार, मग सगळं धूसर. ते ब्रेक ऑइल होतं. पेडल दाबल्याशिवाय ते असं पिचकारीसारखं उडत नाही, नुसतं गळतं. म्हणजे तू पाटीशी बरोबर ब्रेक दाबला होतास, एक इंच इकडे ना तिकडे. समितीत सेक्रेटरीने चित्र तिथे थांबवून विचारलं होतं, हा डाग कसला? तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, 'रस्त्यावरचं पाणी असेल.' आठवडाभर ऊन होतं. पण मेकॅनिकच्या शब्दावर कोण शंका घेणार, आणि तोही सख्खा भाऊ. भाऊच भावाविरुद्ध बोलतोय म्हणजे ते खरंच असणार, असं सगळ्यांना वाटलं. तुलाही वाटलं.

का केलं, हे तू विचारशील. पाटीसाठी केलं, इज्जतीसाठी केलं, ते तर आहेच. पण एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. दुसरं कारण घाण आहे. लहानपणापासून तू काही केलंस की टाळ्या, आणि मी गाडीखाली. बक्षीस घ्यायला तू वर चढायचास आणि मी खाली उभा राहून हात पुसायचो. क्लबमधल्या विजेत्यांच्या बोर्डावर माझं नाव कधी आलं नाही. तू कधी वरून हाकही मारली नाहीस, की दादा, तूही ये. समितीने तुझं लायसन्स काढून घेतलं, तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग घरी आलो तर तू बॅग भरत होतास.

तेव्हा सांगायला हवं होतं. दाराशी उभा होतो मी. तू म्हणालास, 'येतो दादा.' मी म्हणालो, 'स्टँडवर वेळेत पोच.'

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. तीन वर्षांत मी एकही ब्रेकचं काम स्वतःच्या हाताने केलेलं नाही. गिऱ्हाईक ब्रेकसाठी आलं की पलीकडच्या गॅरेजात पाठवतो, आणि पाटी तशीच आहे. फाटलेला होज जुन्या स्पॅनरच्या खोक्यात होता. वहिनीला तो वर्षभरापूर्वीच सापडला. तिने विचारलं, हा कुठल्या गाडीचा? मी म्हटलं, असाच आहे. तिने तो परत खोक्यात ठेवला, पण त्या दिवसापासून तिने मला तुझं नाव घेऊ दिलं नाही. मी काढलं की उठून जायची.

तुझं मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. बंद गाडीत ब्रेक दाबून बघतोस, इथपर्यंत आलो आणि ती म्हणाली, 'आता तुम्ही जाता की मी जाऊ?'

तर मी गेलो. बुधवारी क्लबमध्ये जाऊन सगळं लेखी दिलं, सहीनिशी. सोबत तो होज, कापलेली टाय आणि पूर्ण व्हिडिओ. सेक्रेटरीने वाचलं. तो उठला आणि त्याने पंखा बंद केला. 'जाणूनबुजून' हा शेरा काढावाच लागेल म्हणाला. ट्रायल मात्र द्यावी लागेल, तीन वर्षांचा खंड पडलाय म्हणून. माझ्यावर जन्मभराची बंदी येणार, पिटच्या कठड्याशीसुद्धा उभं राहता येणार नाही. येऊ दे.

तिथून दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तो आता पेशंटच्या तोंडात हात घालत नाही. टेबलाशी बसून कागद लिहितो, तेही डाव्या हाताने. दात काढायला दुसरा माणूस ठेवलाय. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'तुमच्या भावाने दवाखान्यात मला भेटायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मी त्याला हाकललं.' हे तू कधी सांगितलं नाहीस. मग तो म्हणाला, 'तुम्ही एकदाही आला नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.' मी माफी मागितली. त्याने घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आईला सगळ्यात शेवटी सांगितलं. तुला माहीत आहे, तू निघालास तेव्हा ती तुला काय काय बोलली. रागाच्या भरात दुसऱ्याचा हात मोडणारा मुलगा मला नको, इथपर्यंत बोलली होती. मी बाजूलाच उभा होतो. काल तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, 'मी त्याला बोलत होते तेव्हा तुला खरं माहीत होतं?' मी हो म्हणालो. ती उठून रंगाचा वास असलेल्या खोलीत जाऊन बसली. गुडघ्यामुळे तिला उठायला वेळ लागला. मी हात पुढे केला, तिने तो धरला नाही.

तिला फोन कर. ती करणार नाही, तिला लाज वाटतेय. तू केलास तर घेईल. माझ्याबद्दल काही म्हणाली तर माझी बाजू घेऊ नकोस. तुझा स्वभाव तसा आहे म्हणून सांगतो.

ट्रायलला मी येणार नाही. परवानगीच नाही, आणि असती तरी आलो नसतो. मित्राच्या गाडीखाली दुसऱ्या कोणाला तरी जाऊ दे. त्याने काम केल्यावर तू स्वतः वाकून बघ. मेकॅनिक कोण आहे ते बघू नकोस, काम बघ. सख्खा भाऊ असला तरी बघ.

माफी मागत नाही. ती मागायची म्हणजे तुला उत्तर द्यावं लागणार, आणि 'जाऊ दे दादा' असं लिहून तू मोकळा होशील. मला ते नको. तू चिडावंस, शिव्या द्याव्यास, इथे येऊन ती पाटी फोडावीस, असं मला वाटतं. पण एक काम आधी कर. त्या बंद गाडीत बसून ब्रेक दाबून बघायचं थांबव. त्या पायात काही दोष नाही, कधीच नव्हता.

मी खोटं बोललो, आणि तू विश्वास ठेवलास तो माझ्या शब्दावर, स्वतःच्या पायावर नाही,
ज्याला इतका जीव लावलास तो,

दादा